माग की रं राजा

कावेरीला डोहाळे लागले आणि सबंध गल्ली ते बघायला आली.

दुपारी ती ओट्यावर बसून सासूला म्हणायची, "आत्या, कायतरी आंबट पायजे," आणि समोरच्या दारांतल्या बायका हातातलं काम टाकून ऐकत राहायच्या. 'पायजे' हा शब्द त्या गल्लीत वर्षभर कुणी उच्चारला नव्हता. भाजीवाला हाळी देऊन निघून जायचा आणि बायका त्याच्याकडे नुसत्या बघायच्या. घरात असेल ते शिजायचं, पानात पडेल ते खाल्लं जायचं. पोरांनी खाऊसाठी हट्ट करणं सोडलं होतं. पोरं कशी शहाणी झालीत, असं आया एकमेकींना कौतुकानं सांगायच्या.

हा सगळा मिठाचा प्रताप होता.

दोन वर्षांपूर्वी आखातातली तेलाच्या जहाजांची वाट बंद पडली. तेल महागलं, त्याच हंगामात कापसावर रोग पडला, सूत मिळेना. माल कमी आणि घेणारे तेवढेच, तेव्हा भाव चढले. यावरचा जुना उपाय म्हणजे व्याजदर वाढवणं. कर्ज महाग झालं की लोक घर, गाडी, फ्रीज पुढं ढकलतात, देशातली एकूण मागणी उतरते आणि तिच्यामागून भाव उतरतात. पण हा उपाय लांबच्या वळणानं जातो. पुण्याच्या मागणी नियमन केंद्रानं जवळची वाट शोधली. आपल्या मेंदूत एखादी गोष्ट आवडणं आणि ती हवीशी वाटणं ही दोन वेगळी कामं आहेत. पेढा तोंडात विरघळताना बरं वाटतं ते एक, आणि पेढ्यासाठी चपला घालून बाजारात जावंसं वाटतं ते दुसरं. केंद्रानं तयार केलेलं 'शमक' नावाचं रसायन फक्त दुसरं काम मंदावायचं. पहिलं शाबूत राहायचं, त्यामुळं कुणाला दुःख होत नव्हतं, आणि ज्याला दुःख नाही तो तक्रार कसली करणार?

शमक घालायचं ठरलं ते मिठात, कारण मीठ सगळेच खातात. रेशनवर निळी पुडी आली, बाकीचं मीठ बाजारातून उठलं. दर महिन्याला भाव बघून पुडीतली मात्रा ठरू लागली. थोड्याच दिवसांत महागाई खाली आली आणि केंद्राच्या संचालिका डॉ. इरावती दामले यांचे गावोगाव सत्कार सुरू झाले.

कावेरीचा नवरा रेवण उत्तुरे हा याच केंद्राचा तालुका अधिकारी. इचलकरंजी हे यंत्रमागांचं गाव, तिथं माग म्हणजे पोट. मागांच्या गावात मागणीचा अधिकारी, म्हणून लोक त्याला मागणीसाहेब म्हणायचे, आणि त्याला ते मनातून आवडायचं. निर्णय घेणाऱ्यांची डोकी सुस्त पडू नयेत म्हणून अधिकाऱ्यांच्या घरी साध्या मिठाची पांढरी पुडी यायची. गर्भवतींनाही पांढरीच. रेवणच्या घरी या दोन्ही सवलती एकत्र आल्या होत्या, त्यामुळं तो अगदी निर्धास्त होता.

कावेरीचं माहेर गावातच, दोन गल्ल्या सोडून. लेकीचे डोहाळे कळल्यावर तिची आई चिनी मातीची भली मोठी बरणी कडेवर घेऊन आली.

"कैरीचं लोणचं हाय. उन्हाळ्यात घातल्यालं," तिनं सांगितलं.

"मामी, तुम्हाला लोणचं घालावंसं वाटलं?" रेवणनं चेष्टेनं विचारलं.

"वाटायचं काय त्यात? उन्हाळा आला की लोणचं घालायचंच असतंय."

सवयीला इच्छा लागत नाही, ही गोष्ट केंद्राच्या एकाही शास्त्रज्ञाला सुचली नव्हती. रेवणलाही त्या दिवशी ती सुचली नाही. त्यानं स्वतःच्या हातानं बरणीच्या तोंडाला बांधलेला दादरा सोडला, खारात मुरलेली फोड बोटानं उचलली आणि बायकोच्या तोंडात घातली. कावेरीनं डोळे मिटले. आजूबाजूच्या बायका हसल्या. किती दिवसांनी हसल्या!

पुढं कावेरीच्या पानात रोज लोणचं. महिना-दीड महिन्यात कावेरीचं 'पायजे' कमी होत गेलं आणि मग थांबलं.

"डोहाळे सरले वाटतं," रेवण म्हणाला.

"सरायचेच की," रेवणची आई म्हणाली. "तरी फोड वाढतो मी रोज. पोटातल्याला आंबट लागतं."

* * *

सासऱ्यांच्या शेडमध्ये रेवण कामासाठीच गेला होता. तालुक्यात चालू माग किती, बंद किती, याची पाहणी दर तिमाहीला व्हायची. मल्लाप्पा लिपारे यांच्याकडे बारा माग होते. लग्नाआधी कावेरीला भेटायला गेला की त्या खडखडाटात एकमेकांचं बोलणं ऐकू यायचं नाही, म्हणून दोघं कानाजवळ तोंड नेऊन बोलायची. त्या खडखडाटाचे त्याच्यावर फार उपकार होते.

आता शेडमध्ये चिमण्या होत्या. फरशीवर माग बसवलेल्या जागी तेलाचे काळे डाग होते, बाकी सगळं मोकळं.

"मामा, माग कुठं आहेत?"

"विकले की. भंगारवाला आलता, देऊन टाकले." मल्लाप्पा खाटेवर आरामात बसले होते. "कापड कोण घ्यायला तयार न्हाई. सूत आणावं असं मला बी वाटंना. मग ठेवून काय करायचं?"

"अहो, सगळे बारा?"

"आमचेच न्हाईत रं. ह्या पट्ट्यातले समद्यांचेच गेले. चा घेणार काय? नको असला तर ऱ्हाऊ दे."

माणूस बरबाद झाला होता आणि त्याला त्याचं काहीच वाटत नव्हतं. रेवणला अर्थशास्त्राच्या पहिल्या वर्षात शिकवलेलं आठवलं. भाव दोन कारणांनी चढतात: घेणारे वाढले तर, नाहीतर माल घटला तर. दोन्हींचा ताप सारखाच दिसतो. पहिल्या तापावर मागणी उतरवणं हे औषध आहे. दुसऱ्यावर तेच औषध दिलं तर भाव उतरतात खरे, पण मुळातच घटलेलं उत्पादन आणखी घटतं. माग बंद पडतो, कामगाराची मजुरी जाते, मजुरी गेली की त्याची खरेदी जाते, मग पुढचा माग बंद पडतो. या वेळी माल घटला होता, आणि केंद्रानं लोकांची भूक मारून भाव उतरवले होते.

हे सगळं त्याला कळत होतं. पण महागाईचे आकडे उत्तम होते, त्याची बढती तोंडावर होती, आणि वर कळवलं तर वर कुणाला ते ऐकायचं नव्हतं. त्यानं पाहणीत माग 'बंद' असं लिहिलं. भंगारात गेल्याचा रकानाच त्या नमुन्यात नव्हता.

* * *

मुलगा झाला आणि रडला नाही.

डॉ. नसीमा मुजावर यांनी त्याला पालथा धरला, तळव्यांवर टिचक्या मारल्या. त्यानं श्वास घेतला, डोळे उघडले, सगळ्यांकडे बघितलं. रंग चांगला, वजन चांगलं, हातपाय हलवत होता. छातीशी नेलं तर ओठांना दूध लागूनही त्यानं तोंड वळवलं नाही आणि उघडलंही नाही.

"किती शांत हाय गं लेकरू," मामी म्हणाल्या. निळं मीठ खाऊन खाऊन त्यांना काळजी करायचीही इच्छा उरली नव्हती.

घरी आणल्यावर बोंडल्यानं दूध पाजायला सुरुवात केली. घशात ओतलं तर तो गिळायचा, नाहीतर ते गालावरून ओघळायचं. दुपार गेली, संध्याकाळ गेली, तरी तो हूं की चूं करायचा नाही. रेवणची आई त्याला मांडीवर घेऊन हलवायची.

"माग की रं राजा. माग. एकदा तरी रडून माग की."

माग म्हटलं की त्या गावात यंत्र आठवायचं. रेवण हे ऐकून घराबाहेर जायचा.

कावेरी सांगितलेलं सगळं करत होती. छातीला लावा म्हटलं की लावायची, काढून घ्या म्हटलं की काढून घ्यायची. कुणी सांगितलं नाही तर भिंतीकडे बघत बसायची. तिचं दूध आटत चाललं होतं.

"आटणारच," डॉ. मुजावर म्हणाल्या. "दूध आधी साठून बाळाची वाट बघत बसत नाही, साहेब. बाळ ओढतं म्हणून ते तयार होतं. ओढणारं नसलं की शरीर आपलं दुकान बंद करतं. आणि एकदा बंद झालं की पुन्हा उघडेलच असं नाही." मग त्यांनी मान वर करून विचारलं, "घरी मीठ कुठलं?"

"पांढरं. पहिल्यापासून पांढरंच."

"दुसरं काहीच नाही? मला शमकाचीच शंका येतेय. पोटातल्या बाळाचा मेंदू घडत असताना ते गेलं, तर हवंसं वाटणं मंदावत नाही, बंदच पडतं."

"डॉक्टर, मी स्वतः पुडी आणतो!" रेवण चिडून म्हणाला.

घरी येऊन तो जेवायला बसला. आईनं भाकरी वाढली, भाजी वाढली, आणि आजवर कावेरीसाठी राखलेल्या बरणीत डाव घालून खारानं माखलेली एक फोड त्याच्या पानाच्या डाव्या बाजूला ठेवली.

रेवण त्या फोडीकडे बघत राहिला. लोणच्याला मीठ किती लागतं ते कोल्हापूरकडचं शेंबडं पोरही सांगेल. कैऱ्या मुरतात त्या मिठात, मसाल्यात नाही. आणि गेल्या उन्हाळ्यात निळ्या पुडीतली मात्रा सगळ्यांत जास्त होती, कारण ती वाढवा अशी शिफारस तालुक्यातून त्यानंच केली होती. आपल्याच हातानं त्यानं पहिली फोड कावेरीच्या तोंडात घातली होती. त्यानं बरणी उचलून अंगणात आपटली. आई ओरडली. कावेरीनं आवाजाच्या दिशेनं नुसतं बघितलं. रेवण खापऱ्यांच्या शेजारी बसून हमसून हमसून रडला, आणि घरात रडणारा तो एकटाच होता.

* * *

शमकाचा उतारा केंद्राकडे तयार होता. त्याचं नाव चेतक आणि पुडी लाल. मंदी फार वाढली तर मागणी पुन्हा उठवायला म्हणून तो करून ठेवला होता, पण अजून कुठंच सोडला नव्हता. पुण्याच्या गोदामात पहाऱ्यात होता.

"साखरपाण्यातनं चिमूटभर देऊन बघता येईल," डॉ. मुजावर म्हणाल्या. "छातीठोक सांगत नाही. पण एवढा एकच इलाज मला दिसतो."

रेवणनं दामले मॅडमना फोन लावला. एका बाळासाठी पुडी मागण्यात अर्थ नव्हता. मॅडम नियमाच्या पक्क्या, आणि अधिकाऱ्याच्या घरातच शमक शिरलं हे त्या कबूल करणार नव्हत्या. त्यानं तालुक्यासाठी मागितली.

"उत्तुरे, नियम तुम्हाला पाठ असेल," मॅडम म्हणाल्या. "कारखाने रिकामे असतील, हात रिकामे असतील, तर मागणी वाढवल्यानं उत्पादन वाढतं आणि भाव फारसे हलत नाहीत. पण उत्पादन करायला यंत्रंच नसतील, तर वाढलेली मागणी सगळीच्या सगळी भावात जाते. तुमचे माग बंद आहेत ना?"

"बंद आहेत, मॅडम."

"बंद आहेत म्हणजे जागेवर आहेत?"

रेवणला तेलाचे काळे डाग दिसले, त्यावरून टुणटुण उड्या मारणाऱ्या चिमण्या दिसल्या. आतल्या खोलीत आई म्हणत होती, माग की रं.

"जागेवर आहेत," तो म्हणाला.

निळ्या मिठाऐवजी लाल पुड्यांचे ट्रक आले. मुलाला दिलं, काही झालं नाही. गावातही काही झालं नाही. होणार कसं? फडताळा-फडताळात निळ्या मिठाचं लोणचं होतं आणि लोक सवयीनं ते खात होते. हे फक्त रेवणला ठाऊक होतं. केंद्रानं विचारलं, मागणी उठत का नाही? तो मूग गिळून बसला, कारण मुलाला आणखी कडक पुडी लागणार होती. केंद्रानं मात्रा दुप्पट केली, मग त्याच्याही दुप्पट. लोणची केव्हातरी संपणारच होती.

आता लाल पुडी सगळ्यांनाच लागू होती. हवंसं वाटण्यापासून कुणाला वाचवायचं, असा विचार करून केंद्रानं पांढरी बंद केली. आईनं स्वयंपाकघरातला मिठाचा डबा लाल पुडीनं भरला. रेवणनं ते पाहिलं आणि त्याला त्यात काही वावगं वाटलं नाही.

* * *

मंगळवारी सकाळी मुलगा रडला.

आधी एक बारीक आवाज, मग टाहो. तोंड लालबुंद, मुठी आवळलेल्या, मान इकडून तिकडं. रेवणच्या आईनं देवापुढं दिवा लावला. कावेरी धावत आली, कित्येक महिन्यांनी धावावं तशी, तिनं त्याला उराशी घेतलं आणि तो तुटून पडला. ओढत राहिला, ओढत राहिला, आणि मग तोंड सोडून आधीपेक्षा मोठ्यानं किंचाळला.

"येत न्हाई," कावेरी म्हणाली. तिच्या डोळ्यांतनं धारा लागल्या. "अहो, एक थेंब येत न्हाई. बाळाला दूध पायजे. मला माझं दूध पायजे!"

बोंडल्यासाठी दूध घालणारा त्या सकाळी फिरकलाच नव्हता, म्हणून रेवण किटली घेऊन मोटारसायकलवर निघाला. दारातून बाहेर पडतो तो रस्त्यावर सगळं गाव. लोणची संपली होती आणि एका रात्रीत सगळ्यांना सगळं हवं झालं होतं. कापडाच्या दुकानात बायका एकाच साडीची दोन टोकं ओढत होत्या, आणि दुकानदार दर मिनिटाला भाव वाढवत होता, आणि तरीही विकावंसं त्याला वाटत नव्हतं, कारण साड्या त्यालाही हव्या होत्या. नवा माल येणार नव्हता, माल करणारे माग वितळून गेले होते. लिपाऱ्यांच्या शेडजवळून जाताना त्यानं सासऱ्यांना बघितलं. म्हातारा फरशीवरच्या डागांवर हात फिरवत "माझे माग! माझे माग द्या रं!" म्हणून गळा काढून रडत होता. रेवण थांबला नाही.

गावाबाहेरच्या गवळ्यांनी, दूध कुणी नेत नाही म्हणून, म्हशी केव्हाच विकल्या होत्या. एक गोठा तेवढा राहिला होता, सिद्राम गवळ्याचा. तिथं पातेली घेऊन माणसं एकमेकांच्या अंगावर चढली होती. रेवणनं कोपरं मारली, एका बाईला ढकललं, ओळखपत्र दाखवलं.

"मागणीसाहेब होय!" सिद्राम खदाखदा हसला. पुढ्यात नोटांचा ढीग पडला होता. "पैसं नकोत आता. ती गाडी पायजे."

"तान्हं बाळ आहे, सिद्राम."

"असंल की. मला गाडी पायजे."

रेवणनं किल्ली दिली. सिद्रामनं किटलीत तळाशी शेवटचं दूध ओतलं. मागच्या लोकांनी हंबरडा फोडला.

तो चालत निघाला, किटली छातीशी धरून. दूध धारोष्ण होतं, पत्र्यातून ऊब लागत होती. वास येत होता. सकाळी आईनं केलेलं पिठलं त्यानं ताटभर खाल्लं होतं आणि वरून कच्चं मीठ मागून घेतलं होतं, ते त्याला आठवलं नाही. सिद्राम पाणी घालणारा माणूस, चाखून तरी बघावं, असं त्याच्या मनात आलं. बाळासाठीच. त्यानं झाकण काढून एक घोट घेतला.

पाणी नव्हतं. पक्कं करायला त्यानं दुसरा घोट घेतला.

एवढ्या दिवसांत रेवणनं गावाच्या मागणीचे कितीक हिशेब केले होते: एवढी घरं, एवढी तोंडं, एवढी भूक. त्या एकूण मागणीत त्यानं स्वतःला कधी धरलंच नव्हतं. भिंतीशी उभा राहून, डोळे मिटून, तो किटली वर करत गेला. बाळाचं तोंड त्याच्या डोळ्यांपुढं होतं, खरंच होतं, आणि घशाखाली जाणारं दूध थांबत नव्हतं.

मुलाचं रडणं गल्लीच्या तोंडापासूनच ऐकू येत होतं. दारात कावेरी उभी होती. तिनं किटली हिसकावली, आत बघितलं. मग नवऱ्याच्या मिशीवरच्या पांढऱ्या रेषेकडे बघितलं.

किटलीच्या आतल्या बाजूला साय लागली होती. कावेरीनं बोट घालून ती गोळा केली, कडेकडेनं, तळापासून. बोटावर बऱ्यापैकी आली. ते बोट जपत ती पाळण्यापाशी गेली. मुलगा तोंड उघडून तिच्याकडे झेपावत होता.

ती वाकली. बोट त्याच्या ओठांपर्यंत नेलं. मग तिनं ते बोट स्वतःच्या तोंडात घातलं आणि चोखत चोखत पाळण्याशेजारी बसली.